घोगरीचा माइक

चिकोन्कुआक, १६ जानेवारी

एर्मिनिया,

तुझी चिठ्ठी टेम्पोवाल्या नाबोरने गाठोड्यांबरोबर आणून दिली. चारच ओळी, आणि चारही ओळींत एकच प्रश्न: माझ्या माइकची वायर कापू का? उत्तर: नाही. माइक चिठ्ठीबरोबर माझ्याकडे धाडलास, तेवढं शहाणपण केलंस.

आता कारणं ऐक. मला बोलायला बंदी आहे, लिहायला नाही, तेव्हा तुला पुरतं ऐकावं लागेल.

आवाज पकडणारी आपली जुनी पेटी पावसात भिजून जळाली, हे माझ्या भावाचं, म्हणजे तुझ्या नवऱ्याचं कर्तृत्व. ट्रकभर ब्लँकेटांवर ताडपत्री घालणाऱ्या माणसाला वीतभर पेटी झाकायचं सुचलं नाही. मग त्याच फिदेन्सियोने स्वस्तातली नवी पेटी आणि कमरेला लावायची नवी डबी घेतली. माझ्या कानाला अडकवायच्या माइकच्या वायरीला तीन काट्यांचं टोक आहे, आणि नव्या डबीला आट्यांचं गोल भोक. तीन काटे गोल भोकात जात नाहीत, हे त्याला लेओनच्या जत्रेत पोचल्यावर कळलं. नव्या डबीचा त्याच कंपनीचा माइक घ्यायचा तर तो पेटीपेक्षा महाग. म्हणून तिथला रेडिओ मेकॅनिक म्हणतो की टोक कापा, नवी पिन लावा, कॉफी निवायच्या आत काम होईल.

होईल की. कापायला काय लागतं? पण एकदा कापलं की तो माइक माझ्या जुन्या डबीत पुन्हा बसणार नाही. ती जळलेली पेटी मी इथे टेबलावर उघडून बसले आहे आणि ती मी दुरुस्त करणार आहे. फेब्रुवारीत राखेचा बुधवार झाला की तेस्कोकोचा डॉक्टर माझ्या घशात आरसा घालून बघेल. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही असं त्याने बजावलं आहे, आणि मी काढलेला नाही. बाजारात भाजीवालीशीसुद्धा हाताने भांडते. तेपाल्सिंगोच्या जत्रेला ब्लँकेटं विकायला ट्रकवर मी उभी असेन. तोवर तू उभी राहा. उभी राहा म्हणाले, मुक्काम कर म्हणाले नाही.

तेव्हा मी एक अ‍ॅडॅप्टर करून माइकबरोबर परत पाठवते आहे. एका बाजूला तीन काट्यांची खोबण, दुसऱ्या बाजूला आट्यांची पिन. लावायचा, काढायचा. भाड्याची खोली वापरतात तसा वापर. भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

आणखी एक. नाबोर मोठ्या आनंदाने सांगत होता की तू माझा सासूच्या ब्लँकेटचा विनोद सांगितलास. तो सांगताना ‘सासू’ या शब्दाच्या आधी थांबावं लागतं. तू थांबली नसशील.

ब्रिहिदा

लेओन, २३ जानेवारी

ब्रिहिदाताई,

थांबले होते. लोक हसले.

इथली हालत अशी आहे. हातातला वायरचा माइक रुमालाने गळ्यात बांधून मी ओरडते. तुम्हाला ठाऊक आहे की या धंद्याला दोन्ही हात मोकळे लागतात. ब्लँकेट झटकायचं, त्याच्यावर थाप मारायची, गर्दीत फेकायचं. मी ब्लँकेट झटकलं की माइक हनुवटीवर आपटतो आणि कर्ण्यातून तोफेसारखा आवाज येतो. पोरं तेवढ्यासाठी समोर येऊन बसतात. ब्लँकेट घेत नाहीत.

तुमचा अ‍ॅडॅप्टर मिळाला. काम फार देखणं आहे. कथिलाचे डाग एकसारखे, वर काळी नळी चढवलेली, अगदी दुकानातल्यासारखं. डबीला लावला, तुमचा माइक कानाला अडकवला, तोंड उघडलं, आणि कर्ण्यातून डास आला. बाटलीत कोंडलेला डास. समोरच्या ट्रकवरचा माणूस आपलं ओरडणं थांबवून हसायला लागला. मेकॅनिकने तुमचा अ‍ॅडॅप्टर उघडून पाहिला. आवाजाची तार पिनेच्या टोकाला जायला हवी, ती मधल्या कडीला गेली आहे म्हणाला.

हे म्हणतात, ताईची चूक झाली असेल. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून तुम्हीच मला सांगत आलात की ताईची चूक होत नाही. मग आता नेमकी कशी झाली?

मी सरळ विचारते. मुद्दाम केलंत का?

ट्रकच्या आत बसून घड्या घालता घालता इतकी वर्षं मी तुमची पाठ पाहिली आहे. पुढून तुम्ही कशा दिसता ते गर्दीला ठाऊक. मला पाठच ठाऊक, आणि तिच्यावर मी एवढा विचार केला आहे की डोळे मिटून तिचं चित्र काढीन. तुमच्यानंतर मी पुढे आले, तर लोक विचारतात, घोगरी कुठाय? मी सांगते, बहिणीकडे गेली आहे. तुम्हाला बहीण नाही हे त्यांना कुठे माहीत?

एर्मिनिया

चिकोन्कुआक, २७ जानेवारी

एर्मिनिया,

मुद्दाम? मला तुझं वाटोळं करायचं असतं तर तुझा आवाज बारीक केला नसता, मोठा केला असता. बारीक आवाजाला लोक कान देतात, जवळ येतात. मोठा आणि फाटका आवाज त्यांना पळवून लावतो. दर निवडणुकीला मंडपात सहा-सहा माइक लावून साहेब लोक बोलतात, आणि माणसं फुकटचं जेवण उचलून घरी जातात ती कशामुळे? हा धंदा मी तुझ्यापेक्षा जास्त जाणते, त्यामुळे तो बुडवणंही मला जास्त चांगलं जमलं असतं.

चूक झाली. हे वाक्य तू फ्रेममध्ये लाव.

कशी झाली तेही सांगते. जुन्या डबीत एका काट्यातून माइकला वीज जाते, दुसऱ्यातून आवाज परत येतो, तिसरा अर्थिंगचा. नव्या डबीत वीज आणि आवाज एकाच तारेतून ये-जा करतात, ती तार पिनेच्या टोकाला हवी. मी ती कडीला जोडली. माइकला वीजच मिळाली नाही. उपाशी माणूस जेवढं बोलेल तेवढंच तो बोलला.

मी तपासलं नव्हतं असं नाही. चर्चमधल्या धर्मशिक्षिकेकडे अशीच गोल भोकाची डबी आहे. माइक तुझ्याकडे परत धाडायच्या आधी तिची डबी मागून आणली, अ‍ॅडॅप्टर लावला आणि माइकवर नखाने टकटक केलं. मला बोलायची बंदी, मग दुसरं काय करणार? टकटक आली. बारीक आली, पण नखाचा आवाज तो केवढा असणार, असं मी मनाशी म्हटलं. धर्मशिक्षिका शेजारीच होती. म्हणाली, मी बोलून बघू का? दोन शब्द बोलली असती तर तिथेच कळलं असतं. मी माइक ओढून घेतला. त्या माइकसमोर दुसरं तोंड मला चालेना.

तुझं तोंड आता रोज चालवून घ्यावं लागतं आहे, ते वेगळं.

दुसरा अ‍ॅडॅप्टर याच टेम्पोतून पाठवते आहे. या वेळी धर्मशिक्षिकेच्या डबीवर तिच्या वायरीचं टोक उघडून ताडून पाहिलं. अगोदरच्याची काळी नळी त्या मेकॅनिकने ब्लेडने कापली असेल. पुन्हा त्याच्या हातात काही देऊ नकोस.

ब्रिहिदा

सान हुआन दे लोस लागोस, ४ फेब्रुवारी

ब्रिहिदाताई,

चालला.

काय लिहू? कर्ण्यातून आवाज आला तो माझा नव्हता. म्हणजे माझाच, पण मोठ्या घरात नांदून आलेला. हळू बोलले तरी शेवटच्या रांगेत पोचत होता. दोन्ही हात मोकळे. मी ब्लँकेट झटकलं, थाप मारली, एक नाही देत, दोन नाही देत, वर ही उशी टाकते, वर हे बाळाचं दुपटं टाकते म्हटलं, आणि इथे मेणबत्तीच्या सणाला चालत आलेली थकली-भागली माणसं उभी राहिली. उभी राहिली म्हणजे खरंच थांबली.

मग एक म्हातारी पुढे आली. तिला नीट दिसत नसावं. म्हणाली, “घोगरे, बरी झालीस का गं बाई? मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली होती.”

मी म्हटलं, झाले.

दुसरं काय म्हणणार होते? ती ब्लँकेट छातीशी धरून रडत होती. मग बाकीचेही म्हणायला लागले, घोगरी आली, घोगरी आली. मी तुमच्या नावाला ओ देत राहिले आणि माल संपत गेला. दुपारी मी माइक काढून ठेवला. हे जवळ आले, मला पाण्याचा ग्लास दिला. म्हणाले, आज तू अगदी ब्रिहिदासारखी बोललीस.

ताई, इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं माझं हे पहिलं कौतुक. तेही तुमच्या खात्यावर जमा झालं.

तुमच्या माइकच्या स्पंजला तुमच्या लवंगेच्या गोळ्यांचा वास येतो. मी तो धुतला. दोनदा धुतला. जात नाही.

एर्मिनिया

चिकोन्कुआक, ११ फेब्रुवारी

एर्मिनिया,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि खुर्चीला लाथ मारली. ओरडता येत नाही त्या बाईला फर्निचर लागतं.

झाले म्हणालीस? मी बरी झाले हे डॉक्टरच्या आधी तू ठरवलंस? माझी जागा घेतलीस, ती मी दिली होती. माझा माइक घेतलास, तोही मी दिला, अ‍ॅडॅप्टर करून दिला, दोनदा करून दिला. माझा भाऊ तर कधीचाच तुझा. आता माझं नाव घेतलंस आणि वर माझं दुखणंही बरं करून टाकलंस. मग मी इथे कोण बसली आहे? कोणाच्या घशात आरसा घालणार आहेत?

ते नाव मला कुणी बारशाला दिलं नव्हतं. मी पहिल्यांदा ट्रकवर चढले तेव्हा माइक नव्हता, कर्णा नव्हता, होता तो फक्त घसा. बाईने ओरडून माल विकावा हे बघून पुरुष शिट्ट्या मारायचे. त्या शिट्ट्यांच्या वर आवाज चढवता चढवता घसा फाटला. फाटला म्हणून नाव पडलं. मी ते नाव घशाची किंमत देऊन घेतलं आहे. तू ते धुतलेल्या स्पंजातून घेतलंस.

या मौनात मी पाद्रीबाबांचं पुस्तकांचं कपाट संपवत आणलं आहे. एका ग्रीक वक्त्याची गोष्ट वाचली. समुद्रासमोर उभा राहून, तोंडात गोटे धरून बोलायचा, लाटांपेक्षा मोठा आवाज व्हावा म्हणून. वाचून वाटलं, याच्या भावजयीने याचेच गोटे तोंडात धरून लोकांना सांगितलं असतं की मीच तो, तर याने काय केलं असतं? पुस्तकात नाही. पुस्तकात बायका नाहीतच.

रोज सुरुवातीला माइकवर सांगायचं: घोगरी आजारी आहे, घोगरी परत येणार आहे, मी ती नाही. हे सांगितल्याशिवाय एकही ब्लँकेट झटकायचं नाही.

मला तुझा मत्सर वाटतो, हे तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. पहाटे जाग येते तेव्हा तो माझ्या आधी उठलेला असतो.

ब्रिहिदा

चिकोन्कुआक, २८ फेब्रुवारी

एर्मिनिया,

नाबोर दोन्ही खेपांना रिकाम्या हाताने आला. रागावली असशील.

डॉक्टरकडे जाऊन आले. अजून थोडे दिवस लागतील म्हणतो.

या खेपेच्या गाठोड्यांत तपकिरी जास्त आहेत, ती आधी काढा. तेपाल्सिंगोला येते. माझा माइक पुसून ठेव.

ब्रिहिदा

तेपाल्सिंगो, ८ मार्च

ब्रिहिदाताई,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. दुसऱ्याच दिवशी माइकवर सांगितलं की घोगरी आजारी आहे, परत येणार आहे, मी ती नाही. पुढची अर्धी गर्दी निघून गेली. उरलेले, आता ही काय करते बघू, म्हणून थांबले. मग मी म्हटलं, माझं नाव एर्मिनिया, मी इतकी वर्षं ट्रकच्या आत बसून घड्या घालत होते.

एक दारूडा ओरडला, “मग बाहेर कशाला आलीस?”

मी म्हटलं, “आत फार गरम होतं. ब्लँकेटं चांगली आहेत.”

ताई, ते हसले. हा विनोद तुमचा नव्हता. आधी कुठे थांबायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. सगळं हसू माझ्या एकटीचं होतं, आणि मी ते कुणाला वाटून देणार नव्हते.

म्हणून उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही त्या विनोदातही काहीतरी दुरुस्ती सुचवली असती.

त्याच आठवड्यात मी माझा माइक घेतला. व्यायाम शिकवणाऱ्या पोरी लावतात तसला, रस्त्यावरच्या गाळ्यातून. त्याची पिन आट्यांची आहे, नव्या डबीत सरळ बसते. अ‍ॅडॅप्टर लागत नाही. आवाज पत्र्यासारखा येतो, पण त्याला कसलाच वास नाही. तुमचा माइक पुसून, बाळाच्या दुपट्यात गुंडाळून, ह्यांच्या सीटमागे ठेवला आहे. अ‍ॅडॅप्टरही. टोक शाबूत आहे. ज्या दिवशी याल त्या दिवशी लावा.

आता तुमच्या पत्राविषयी. ‘अजून थोडे दिवस लागतील.’ ताई, तुम्ही डॉक्टरच्या मिशीवर पानभर लिहिलं असतंत. त्याच्या आरशावर दोन पानं. मला बोल लावण्यात तुम्ही एका बैठकीत तीन कागद संपवता, आणि स्वतःच्या घशाला एक ओळ?

मी विचारत नाही. हे विचारतील, त्यांना सांगा किंवा सांगू नका. मला तुमची कीव करायची सवय नाही. मला तुमचा मत्सर करायची सवय आहे, तीही लग्नापासूनची, आणि जुनी सवय मोडताना माणूस धड कशातच राहत नाही.

जत्रा परवापासून. चर्चच्या दारासमोरची नेहमीची जागा मिळाली आहे.

एर्मिनिया

चिकोन्कुआक, २२ मार्च

एर्मिनिया,

मी आले होते.

यात्रेकरूंच्या बसमधून, चर्चच्या बायकांबरोबर. डोक्यावरून शाल घेतलेली. तिथे उतरून सरळ ट्रकवर चढायचं, सीटमागून माझा माइक काढायचा आणि लोकांना निदान दिसायचं तरी, असं ठरवून निघाले होते. गर्दीतून पुढे सरकत होते आणि तू बोलायला लागलीस. मी थांबले. मग लक्षात आलं की मी आपल्या ट्रकच्या समोर जन्मात कधी उभी राहिले नव्हते. तो पुढून कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. कर्ण्यांचं तोंड माणसाच्या थेट छातीवर येतं, हेही.

तुझा तो पत्र्याचा माइक. डब्यात कोंबडी कोंडली आहे असा आवाज. ‘स’ आला की शिट्टी, ‘प’ आला की थप्पड. मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग तू ते दोन माणसांचं मोठं ब्लँकेट उलगडलंस. मी नेहमी सांगायचे काय काय मिळेल ते: उशी मिळेल, दुपटं मिळेल, शेजारीण जळेल. तू काहीच देऊ केलं नाहीस. म्हणालीस, या टोकाला बाप झोपतो, त्या टोकाला आई, मधे पोरं, आणि पहाटे सगळे आपापल्या बाजूला ओढतात, म्हणून मी आधी शिवण बघते, रंग नंतर. आणि शिवण धरून ताणून दाखवलीस. माझ्या शेजारच्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, मी ओढत नाही. ती म्हणाली, “तू झोपेत काय करतोस ते तुला ठाऊक नाही.” आणि तिने घेतलं.

लोकांनी काय घ्यावं ते मी त्यांना ओरडून सांगत आले. ते कसे झोपतात ते तू त्यांना हळूच सांगितलंस, त्या भिकार माइकमधून. इतकी वर्षं आत बसून तू माझी पाठ बघत होतीस म्हणतेस. मधूनमधून शिवणीही बघत होतीस.

नंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. तू भाव खाली आणत होतीस, आणखी खाली, आणि मला वाटलं की ही इथे घाई करते आहे, इथे थांबायला हवं. मी ओरडायला तोंड उघडलं. ‘थांब’ एवढंच ओरडणार होते. काही आलं नाही. वारा आला. शेजारच्या बाईलासुद्धा ऐकू गेलं नाही.

डॉक्टर म्हणाला ते हेच. कुजबुज राहील, स्वयंपाकघरापुरती. कर्ण्यापुरती नाही, कधीच नाही. लिहिलं. आता विचारू नकोस.

तोंड उघडं राहिलं आणि हात वर गेला. मी नेला नव्हता. फिदेन्सियोने हात पाहिला, खाली कोण आहे ते पाहिलं नाही, आणि गिऱ्हाईकाचा हात समजून ब्लँकेट फेकलं ते सरळ माझ्या डोक्यावर. लोक हसले. मी त्याच्या आत उभी होते, अंधारात, नव्या लोकरीच्या वासात, आणि बाहेर तू पुढच्याचा भाव सांगत होतीस. पैसे पुढे सरकवले आणि बसकडे गेले. एर्मिनिया, मी तुझ्याकडून ब्लँकेट विकत घेतलं आहे. तपकिरी आहे. मी ते परत पाठवणार नाही, आणि शिवण खरंच चांगली आहे.

आता काम.

तो पत्रा आपल्या ट्रकवर पुन्हा वाजता कामा नये. आज आपल्या माणसांशी माइकवरून नीट कोण बोलतं? सरकार दम देतं, पाद्री घाबरवतो. थंडीत तुम्ही घरी कसे निजता, हे कर्ण्यातून विचारणारे आपणच. ते असल्या शिट्ट्या वाजवणाऱ्या खेळण्यातून विचारायचं नसतं. सीटमागून माझा माइक काढ. अ‍ॅडॅप्टर फेकून दे. कितीही चांगला डाग दिला तरी पावसात आणि हिसक्यात आधी मधला जोडच दगा देतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते तीन काटे काप आणि आट्यांची पिन कायमची लाव. आवाजाची तार टोकाला, बाहेरची जाळी अर्थिंगला. डाग तू स्वतः दे, मेकॅनिकला देऊ नकोस. कांडी तापली की आधी तारेला लाव, कथील मागून.

नाव मात्र देणार नाही. तुला आता त्याची गरजही नाही, आणि म्हणूनच द्यायचं जास्त जिवावर येतं.

मत्सर आहे तिथेच आहे. कमी झाला असं समजू नकोस. तू पुढच्या जत्रेत काय बोललीस ते नाबोर मला सांगेल आणि मी पुन्हा खुर्ची लाथाडेन.

कापताना अगदी टोकाशी काप, वायर जितकी राखता येईल तितकी राख. ही पेटीही फिदेन्सियो कधीतरी भिजवेल, तिसरी घेईल, तिला आणखी वेगळं भोक असेल, आणि पुन्हा कापावं लागेल. तुझ्यानंतर कुणीतरी पोरगी चढेल, तिलाही वायर पुरायला हवी. त्या दिवशी तू खाली गर्दीत उभी राहा, मागे आत बसू नकोस. पुढून बघ तिला. मग मला लिही, पोटात काय होतं ते.

ब्रिहिदा